कन्व्हर्जन झीरो

गेल्या रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही बाहेर चहा घेत उभे होतो, कागदी कपातला अर्धा कप, तो पण गार झालेला, आणि यूथमधला एक मुलगा, असेल बावीस-तेवीसचा, नुकताच कुठल्यातरी कॅम्पहून पेटून आलेला, एकदम मला विचारतो, "भैया, आपके थ्रू अब तक कितने लोग आए?" म्हणजे माझ्यामुळे किती जण येशूकडे आले. मी म्हटलं, झीरो. तो हसला, त्याला वाटलं मी मस्करी करून राहिलोय. म्हटलं नाही रे, खरंच झीरो, वीस वर्षं झाली. मग मात्र बिचारा असा कानकोंडा झाला की जणू मी त्याला माझा शुगरचा रिपोर्ट दाखवला. चहा तसाच टाकून गेला.

तेव्हापासून तो झीरो डोक्यात फिरतोय. वाईट वाटून नाही. एके काळी याच झीरोने माझी झोप उडवली होती, आता उडवत नाही, आणि का उडवत नाही हे त्या पोराला चहा संपायच्या आत सांगता आलं नसतं म्हणून इथे लिहितोय, लांबलं तर लांबलं.

आधी ओळख. आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती. हे सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे गोव्याचे का?" नाही हो. आजोबा नगरचे, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात प्रार्थना मराठीत, चर्च हिंदीत, ऑफिसचे मेल इंग्रजीत आणि भांडण झालं की शुद्ध इंदुरीत. दिवाळीला वरच्या मजल्यावरून फराळाचं ताट येतं, नाताळला आमच्याकडून करंज्या आणि केक जातो, आणि ताट रिकामं परत करायचं नाही हा नियम दोन्हीकडे सारखा.

धंद्याने मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. सकाळी दवा बाजारात स्टॉकिस्टकडे चक्कर, मग दुपारी आणि रात्री डॉक्टर, दिवसाचे दहा-अकरा कॉल, ओपीडीबाहेरच्या बाकावर पेशंटांच्या मधे तास तास बसायचं आणि आत गेल्यावर मिळतात जेमतेम चाळीस सेकंद. त्या चाळीस सेकंदात मॉलिक्यूल, डोस, किंमत, हातात सॅम्पल आणि "सर, इस महीने थोड़ा सपोर्ट". रात्री घरी येऊन डीसीआर, म्हणजे दिवसभराच्या कॉल्सचा रिपोर्ट, भरायचा. महिन्याच्या शेवटी मॅनेजर एकच विचारतो, कन्व्हर्जन किती? म्हणजे किती डॉक्टर दुसऱ्या ब्रँडवरून आपल्या ब्रँडवर आले. आमच्या लाइनमध्ये हाच शब्द आहे, काय करणार. नवीन नवीन नोकरी होती तेव्हा एकदा घरी फोनवर मी मोठ्याने म्हटलं, "हो सर, पलासियाचे दोन्ही डॉक्टर कन्व्हर्ट झाले," तर आई हातात झारा घेऊन स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.

आता लाज वाटते सांगायला, पण पंचविशीत मी येशूची सुवार्ता पण तशीच सांगायचो. खरंच एक डायरी होती माझ्याकडे, कंपनीचीच, वर औषधाचं नाव छापलेलं. नाव, कधी भेटलो, काय दिलं, रिस्पॉन्स. रिस्पॉन्सच्या खाली हॉट, वॉर्म, कोल्ड. फॉलोअपची तारीख. मी ती डायरी घेऊन प्रार्थनेला बसायचो आणि गंमत बघा, जे कोल्ड होते त्यांच्यासाठी प्रार्थना पण हळूहळू कमी व्हायची, कारण जो डॉक्टर लिहितच नाही त्याच्याकडे चकरा मारून काय फायदा, हे डोक्यात इतकं बसलेलं.

त्या डायरीत नाना वॉर्म होते.

नाना म्हणजे वरच्या मजल्यावरचे. सरकारी खात्यात अकाउंट्समधून रिटायर झालेले, बोलणं मोजकं, सकाळी समर्थांचं वाचन, दर बुधवारी खजराण्याचा गणपती, चुकवलेला मी तरी बघितला नाही. वॉर्म यासाठी की ते एकदा म्हणाले होते, आमच्या मुलाला रात्री दोन वाजता ताप चढला तेव्हा तुझे आजोबा सिरिंज उकळून घेऊन वर आले होते. बस, एवढ्यावर मी त्यांना वॉर्म करून टाकलं.

२०११ चा पावसाळा. काकू आयसीयूत, हार्टचा त्रास. मी मोसंबी घेतली, खिशात पुस्तिका घेतली आणि गेलो. नाना बाहेर बाकावर बसलेले, पायात एक चप्पल, दुसरी बाकाखाली सरकलेली, त्यांचं लक्ष पण नव्हतं. मी शेजारी बसलो, तब्येत विचारली, अर्धा मिनिट थांबलो असेन नसेन, आणि सुरू झालो. नाना, एकदा येशूकडे मागून तर बघा, आमच्या चर्चमध्ये एका बाईंना डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं होतं आणि आता त्या... असं सगळं. त्यांनी मधे तोडलं नाही. पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाले, "अरे, तू आत्ता शेजारी म्हणून आलायस का एमआर म्हणून?"

काय बोलणार. मोसंब्यांची पिशवी तिथेच ठेवली आणि खाली आलो. स्कूटर सुरू होईना. किक मारतोय, मारतोय, घामाघूम झालो, वॉचमन येऊन म्हणाला साहब, कॉक तो खोलो. पेट्रोलच बंद होतं.

काकू त्या वेळी बऱ्या होऊन घरी आल्या, माझ्यामुळे नाही. पण मला आतून खरं जे लागलं ते नानांचं वाक्य नाही. घरी जाताना डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आता नानांच्या पुढे कोल्ड लिहावं लागेल. त्या रात्री डायरी कपाटावर टाकली ती पुन्हा काढली नाही.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. सात-आठ वर्षं कोणाला काही म्हणजे काही सांगितलं नाही. कोणी विचारलं की म्हणायचो, देव बघेल, आपण फक्त चांगलं वागायचं. ऐकायला फार छान वाटतं ते. पण खरं सांगू का, त्यात विश्वास कमी होता आणि घाबरटपणा जास्त. ऑफिसात एक सहकारी लंचला सरळ विचारायचा, तू येशूला मानतोस म्हणजे नक्की काय मानतोस रे, आणि मी डब्यातली बटाट्याची भाजी पुढे करायचो. बायबलात यहेज्केलमध्ये पहारेकऱ्याची गोष्ट आहे ना, शत्रू येताना दिसला की त्याने शिंग फुंकायचं, ऐकून कोणी जागं झालं नाही तर तो त्याचा प्रश्न, पण फुंकलंच नाही तर हिशोब पहारेकऱ्याकडे. मी शिंग खाली ठेवून त्याला भरवसा म्हणत होतो.

भीतीला बाहेरचं कारण पण होतं, ते नाही म्हणणार नाही. आमच्या मध्य प्रदेशात धर्मांतराचा कायदा आजचा नाही, १९६८ चा पहिला, आणि आता २०२१ चा नवा, आधीपेक्षा कडक. लालूच, धमकी, फसवणूक यातून कोणाचा धर्म बदलवला तर तुरुंग, आणि ज्याला स्वतःच्या मनाने बदलायचा आहे त्याने सुद्धा साठ दिवस आधी कलेक्टरकडे कळवायचं. वातावरण असं की घरी चार लोक प्रार्थनेला बसले तरी आई आधी खिडकी लावून घेते. पंख्याखाली उकडतं ते वेगळंच.

तर आमच्या चर्चमध्ये एक वकील काका आहेत, हायकोर्टात प्रॅक्टिस करायचे, आता घरीच असतात. एकदा पोह्याच्या गाडीवर भेटले आणि जीरावन भुरभुरवता भुरभुरवता त्यांनी मला स्टॅनिस्लॉसची केस सांगितली. आपल्या राज्यातलीच. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस नावाचे पाद्री होते, त्यांनी १९६८ च्या कायद्याला आव्हान दिलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७७ साली निकाल आला. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्माचा प्रसार करायचा हक्क आहे, तो कोर्टाने मानला, पण त्याचा अर्थ असा लावला की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगून प्रसार करता येईल, दुसऱ्या माणसाला आपल्या धर्मात आणायचा हक्क त्यात येत नाही. काकांना हा निकाल आजही पटत नाही, त्यांच्या मते सांगायचा हक्क आणि ऐकणाऱ्याने पटलं तर स्वीकारायचा हक्क वेगळे काढता येत नाहीत, आणि हे बोलताना त्यांचे पोहे गार झाले.

मला मात्र हसू आलं. ते म्हणाले हसतोस काय. म्हटलं काका, कोर्ट म्हणतं कन्व्हर्ट करायचा हक्क तुला नाही, आणि बायबल तर त्याच्या पुढे जाऊन सांगतं की ती ताकदच तुला नाही. मग मी इतकी वर्षं कसलं टारगेट घेऊन फिरत होतो?

घरी येऊन प्रेषितांची कृत्यं काढली, सोळावा अध्याय. फिलिप्पैत नदीकाठी बायका जमल्या आहेत, त्यात लुदिया, जांभळं कापड विकणारी, म्हणजे ती पण विक्रीच्याच लाइनमधली. येशूचा प्रेषित पौल बोलतोय. आणि मग लिहिलंय की तिचं अंतःकरण प्रभूने उघडलं. पौलाने नाही. हे मी लहानपणापासून शंभर वेळा वाचलं असेल, संडे स्कूलला नाटकात मी पौलाचा सोबती सिलास पण झालो होतो, दाढी चिकटवून, पण ते वाक्य कधी दिसलंच नव्हतं. पुढच्याच अध्यायात अथेन्स. तोच पौल, भाषण तर काय जबरदस्त, आणि निकाल काय? काहींनी टिंगल केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला. माझ्या मॅनेजरने असा डीसीआर बघितला असता तर पौलाची ट्रान्सफर झाबुआला केली असती. आणि करिंथकरांना तो स्वतःच लिहितो, मी लावलं, अपुल्लोसने पाणी घातलं, वाढवलं देवाने, आणि लावणारा काही नाही, पाणी घालणाराही काही नाही. काही नाही! मी स्वतःला निदान एरिया मॅनेजर तरी समजत होतो.

सगळ्यात जास्त मला हलवलं ते मार्काच्या शुभवर्तमानातल्या श्रीमंत माणसाने. धावत येतो, गुडघे टेकतो, विचारतो सार्वकालिक जीवनासाठी काय करू. याच्याहून हॉट लीड असतो का? येशू त्याला सगळं विकून ये म्हणतो, तो खिन्न होऊन निघून जातो. आणि येशू जाऊ देतो. त्याच्या मागे धावत नाही, बरं अर्धं विक म्हणत नाही. पण त्याच्या आधी एक ओळ आहे, येशूने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्यावर प्रीती केली. प्रीती करून जाऊ दिलं. मी प्रीती पण करत नव्हतो आणि जाऊ पण देत नव्हतो.

आणि हो, तो लालूच शब्द. कायद्याचा त्रास भल्या लोकांना होतो, ते मी बघितलंय, पण तो शब्द मला आतून पण टोचतो. आयसीयूबाहेर मी जे केलं ते काय होतं? बायको आत आहे, माणूस घाबरलेला आहे, आणि मी म्हणतोय मागून बघा, बरं होईल. सॅम्पल वाटणंच झालं ते. आपल्यात काही प्रचारक सर्रास असं करतात, नोकरी लागेल, मूल होईल, कोर्टाचा निकाल तुमच्या बाजूने लागेल, स्टेजवरून, माइकवर. मला ते ऐकवत नाही आता. येशूने स्वतः सांगितलं की माझ्यामागे यायचं तर क्रूस उचल, ते पॅम्प्लेटवर कोणी छापत नाही.

निकालाचं म्हणाल तर कॅरेचं बघा. इंग्लंडचे मिशनरी विल्यम कॅरे १७९३ साली बंगालात आले, तिथे पहिला माणूस, कृष्ण पाल नावाचे सुतार, त्यांचा बाप्तिस्मा डिसेंबर १८०० मध्ये. सात वर्षं. मधे पाच वर्षांचा मुलगा गेला, बायकोच्या मनावर परिणाम झाला. माझ्या कंपनीत तीन महिने झीरो दिसला की मेल येतो, सीसीमध्ये रीजनल मॅनेजर. आणि ते कृष्ण पाल सुद्धा कशाने जवळ आले, तर खांदा निखळला होता आणि मिशनच्या डॉक्टरांनी तो बसवून दिला, आमच्या आजोबांसारखीच काहीतरी गोष्ट. त्याच कॅरेंनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, मराठी मुलखात कधी राहिले पण नव्हते. आणि आमच्या इंदूरचंच घ्या, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन लोकांनी इथे १८८७ साली ख्रिश्चन कॉलेज काढलं, काय काय स्वप्नं असतील बिचाऱ्यांची, आणि पुढे त्या कॉलेजचं सगळ्यात गाजलेलं नाव कोण, तर किशोर कुमार, कँटीनची उधारी ठेवून गेलेले. मला तर वाटतं वरती देव पण हसला असेल.

सांवेरला मित्राच्या शेतावर लहानपणी जायचो, सोयाबीन पेरून झालं की आम्ही पोरं तिसऱ्या दिवशी माती उकरून बघायचो, आलं का वर. त्याचे वडील काठी घेऊन धावायचे. जेवढे दाणे आम्ही उकरून बघितले तेवढेच मेले. बाकी शेत हिरवं. असो, बियाण्याच्या गोष्टी रविवारी पुरेशा ऐकतो आपण.

२०२१ चा एप्रिल. इंदूरमध्ये जे होते त्यांना सांगायला नको. काकूंना कोविड झाला, सॅच्युरेशन खाली, मुलगा परदेशात, फ्लाइट बंद. रेमडेसिविरसाठी दवा बाजारात रांगा, माझी तिथली वीस वर्षांची ओळख, तरी दोन दिवस मी भिकाऱ्यासारखा दुकान दुकान फिरलो. मिळालं शेवटी. दिलं पण. काकू गेल्या.

स्मशानात नाना आणि मी, दोघंच, आणि ते पीपीई घातलेले चार लोक. नानांच्या हातात काही धरायला पण दिलं नाही त्यांनी. मी त्या दिवशी येशूचं नाव काढलं नाही, सुचलंच नाही. पुढचे पंधरा दिवस आमच्याकडून डबा जात होता, दाराबाहेर स्टुलावर ठेवायचा आणि बेल वाजवून मागे सरायचं, आईने पहिल्या दिवशीच विचारलं होतं, त्यांना आपल्या हातचं चालेल का रे, आणि दुपारी डबा धुतलेला परत स्टुलावर, त्यात चार दाणे साखरेचे. रिकामा द्यायचा नाही म्हणून.

जून असेल, पाऊस सुरू झालेला, मी जिन्यात रेनकोट झटकत होतो. वरून नानांचा आवाज. "अरे, तुझा येशू रडला होता म्हणे एकदा. खरं का?"

मी दोन पायऱ्या वर गेलो. म्हटलं हो. त्याचा मित्र गेला होता, लाजार, बहिणी रडत होत्या, म्हणून तो पण रडला. नाना म्हणाले, "पण त्याने तर त्याला उठवलं ना नंतर?" म्हटलं हो, लगेच. "आणि त्याला माहीत होतं उठवणार आहे ते?" माहीत होतं. "तरी रडला?"

तरी रडला, नाना.

ते बराच वेळ कठड्याला धरून उभे. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं हो, पुनरुत्थान मी आहे, पुढचं वचन, मग क्लोजिंग. वीस वर्षांची प्रॅक्टिस आहे क्लोजिंगची. पण मी म्हटलं, मला हे विश्वासाने खरं वाटतं आणि म्हणून मी त्याला मानतो, आणि गप्प बसलो. मग तुम्हाला काय वाटतं, हे नाही विचारलं. रेनकोटातून पाणी टपटपत होतं पायरीवर. नाना म्हणाले, "पुस पायरी, घसरेल कोणीतरी," आणि आत गेले.

आठवड्याने स्वतः खाली आले. मोठ्या अक्षरांचं असेल तर दे म्हणाले, नवा करार. मी दिला. दारातच म्हणाले, घरच्यांना सांगून घेतोय, चोरून नाही, आणि गणपती माझा आहे तो आहे. म्हटलं नाना, वाचा फक्त.

आता अकाउंट्सचा माणूस वाचतो म्हणजे कसा वाचतो ते बघा. पेन्सिल घेऊन. समासात प्रश्नचिन्हं. एका रविवारी मला थांबवून, "हे मार्क पाचमध्ये दोन हजार डुकरं पाण्यात गेली, मालकाचं नुकसान कोणी भरून दिलं?" दुसऱ्यांदा अंजिराचं झाड. येशूला भूक लागली, झाडावर नुसती पानं, आणि तिथेच लिहिलंय की अंजिरांचा हंगाम नव्हता, तरी त्या झाडाला शाप. "अरे हंगामच नव्हता तर झाडाचा काय दोष?" मी पाद्रीसाहेबांना विचारून आलो, ते म्हणाले झाड म्हणजे इस्राएलाचं प्रतीक, त्या झाडाच्या गोष्टीच्या मधोमध मंदिराची गोष्ट मुद्दाम ठेवली आहे, वगैरे. नानांना सांगितलं. ते म्हणाले, "प्रतीक ठीक आहे, पण वाळलं ते झाडच ना."

एकदा मात्र त्यांनी मला गप्प केलं. विषय निघाला रेव्हरंड टिळकांचा, नाना त्यांना कवी म्हणूनच ओळखतात, मारलेल्या पक्षिणीवरची कविता शाळेत होती त्यांना, अजून पाठ. म्हणाले, एवढा चित्पावन विद्वान, याला बायबल कोणी दिलं? मी सांगितलं. टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते, आगगाडीत एक गोरा साहेब भेटला, कवितेवर गप्पा झाल्या, उतरताना त्याने नवा करार दिला आणि म्हणाला की दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते तेव्हा हास्यास्पद वाटलं, पण डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि पुस्तक सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५, मुंबईला बाप्तिस्मा. लक्ष्मीबाई तर त्यानंतर कितीतरी वर्षं दूर राहिल्या, त्या पण शेवटी त्यांच्या स्वतःच्या वाटेने आल्या, टिळकांच्या ओढण्याने नाही.

नाना म्हणाले, "आणि तो साहेब कोण?"

माहीत नाही. टिळकांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं म्हणतात.

"म्हणजे त्याला पण कळलं नाही, याचं पुढे काय झालं?"

मी काही बोललो नाही. हा किस्सा मी किती वेळा सांगितलाय, चर्चमध्ये, कॅम्पमध्ये, दर वेळी टिळकांच्या बाजूने. साहेबाच्या बाजूने कधी बघितलंच नव्हतं. तो आपला स्टेशनवर उतरून गेला, आपल्या कामाला लागला असेल, जेवला असेल, झोपला असेल. आज मराठी ख्रिस्ती घराघरात टिळकांची भजनं म्हणतात, इंदूरला आमच्याकडे सुद्धा, आजोबांची झांज अजून आहे. त्याच्या डीसीआरमध्ये मात्र त्या दिवशी एक कॉल, रिझल्ट कोरा.

त्या यूथच्या मुलाला मी हे सांगणार आहे पुढच्या रविवारी, आला तर. आणि हे पण की झीरो म्हटलं तेव्हा मला खरंच माहीत नाही तो झीरो आहे का. ते मोजणं माझ्याकडे नाहीच आता, दिलं परत ज्याचं त्याला. सांगणं माझ्याकडे आहे, आणि ते मी टाळत नाही पूर्वीसारखं, त्या ऑफिसवाल्याला पण सांगितलं शेवटी, तो म्हणाला बस एवढंच होय, आणि लोणचं मागितलं. नानांसाठी प्रार्थना रोज करतो, नाव घेऊन, नाना येशूकडे यावेत असं मला वाटतं आणि ते मी लपवत नाही, त्यांना पण माहीत आहे. फक्त आता त्यांच्याकडे बघताना मला नाना दिसतात.

परवा बुधवारी त्यांचा गुडघा धरला होता, म्हणाले, खजराण्याला सोडशील का रे स्कूटरवर, रिक्षावाले फार मागतात. सोडतो म्हटलं. बाहेर हारवाल्याच्या दुकानापाशी थांबलो, आजूबाजूला मोदक आणि दुर्वांचे ढीग, चपलांचे टोकन, गर्दी ही एवढी, आणि मनात म्हटलं चर्चमधलं कोणी बघितलं तर रविवारी काय काय ऐकावं लागेल. बघू दे.

वीस मिनिटांनी नाना आले. एका हातात प्रसादाचा पुडा, दुसऱ्या हातात शेंगदाण्याची पुडी, कागदाची, गरम. प्रसादाचा पुडा त्यांनी आपल्या पिशवीत ठेवला, शेंगदाणे माझ्यासमोर धरले. "हे बाहेरून घेतले, नैवेद्याचे नाहीत. खा." इतक्या वर्षांत मी प्रसादाबद्दल त्यांना कधी एक शब्द बोललो नव्हतो. ताटातलं काय खातो आणि काय बाजूला ठेवतो ते त्यांनी बघून ठेवलं होतं.

निघालो. बंगाली चौराह्याच्या सिग्नलला थांबलो तर मागून कानाशी आवाज आला, "ते अंजिराचं मला अजून पटलेलं नाही हां."

म्हटलं, नाना, मला पण अजून नीट कळलेलं नाही.

"मग विचार की तुझ्या त्याला," म्हणाले, आणि सिग्नल सुटला.